त्या औषधाबद्दल, ताई

१४ नोव्हेंबर
रविवार, दुपार

प्रिय ताई,

मी बरी आहे. खोकला गेला, आवाज मात्र अजून घोगराच आहे. आमच्या प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ म्हणतो, "तुम्ही नुसत्या खुणा करत जा, सगळ्यांनाच आराम पडेल." वरच्या मजल्यावरचा पाइप गळतोय, म्हणून सूक्ष्मदर्शकावर आम्ही छत्री बांधलीय. खरीखुरी छत्री. तिच्याखाली बसून मी विज्ञान करते.

तुझी नवी चाकांची खुर्ची आली का? उंबऱ्यापाशी उतार करून द्यायला सुतार येणार होता, तो आला का? नसेल तर भाऊजींना त्याच्या दारात जाऊन बसायला सांग.

फोनवर मी ओरडले. तू म्हणालीस, "ते औषध मला आणून दे," आणि मी म्हणाले, "नियमात बसत नाही." त्यानंतर तुम्ही दोघंही फोन उचलत नाही. राग बरोबरच आहे तुझा. पोहायला शिकवताना मुलांना पहिल्याच आठवड्यात खोल पाण्यात उतरवणारी तू, तुला मी नियम सांगावेत!

पण आमच्या विषाणूवरच्या औषधाची बातमी तू अर्धीच वाचलीस, आणि छापणाऱ्यांनी ती पाव छापली. ते औषध ज्याला धरतं ते प्रोटीन तेच आहे, हे खरं. तुझ्या आजारात बिघडलंय तेच. पेशीच्या केंद्रकात आरएनएचे निरोप तयार होतात, पण कच्चे, मध्ये नको तो मजकूर घुसलेला. हे प्रोटीन तो कापून काढतं, उरलेलं जोडतं, मग निरोप बाहेर जातो. विषाणू पेशीत शिरला की याच कारागिराला पकडून स्वतःच्या कामाला जुंपतो. आमचं औषध कारागिराचे हात बांधतं. विषाणूचं काम थांबतं. म्हणून टाळ्या, म्हणून बातमी, म्हणून आमचे प्रमुख, सर, पेढे वाटल्यासारखे सगळ्यांशी गोड बोलतायत.

आता तुझ्या पेशींत काय झालंय? कारागीर केंद्रक सोडून बाहेर येऊन गोळा होऊन बसलाय. आत राहिलेत ते थोडे. त्यांचेही हात बांधायचे?

इतकी वर्षं मी या एका प्रोटीनच्या मागे आहे, ताई. धरायला जावं तर सगळं विस्कटतं, सोडावं तर गोळा होतं. आत्तेभाऊ प्रत्येक लग्नात विचारतो, "काय, सापडलं का औषध?" चावी हरवल्यासारखं. आणि तू सगळ्यांना सांगत असतेस, "धाकटी शोधतेय." नको ना सांगूस.

भाऊजी, हे तुम्ही वाचून दाखवत असाल. पुढचं गाळू नका. तुम्ही गाळलेलं तिला कळतं.

ताई, तू दंडाच्या कातडीचा एक तुकडा आम्हाला दिला होतास, तुझ्या परवानगीनं त्यातून आम्ही मज्जापेशी वाढवल्या. छान वाढल्या. एकमेकींकडे हात पसरून प्रयोगाच्या बशीभर जाळं विणलं त्यांनी. तुझ्यासारख्याच, कुणाला एकटं बसू न देणाऱ्या. बातमी यायच्या आधीच मी त्यांच्यावर ते औषध घातलं होतं. मलाही तुझ्याइतकीच आशा होती. तुला ती बाटली आणून द्यायची माझी तयारी होती, नियम खड्ड्यात गेले.

त्यांनी हात आखडून घेतले. मग तुटल्या. मी पुन्हा नवी बशी घेतली, औषध कमी केलं. पुन्हा तेच.

म्हणून ओरडले. "तुझ्या पेशी मी मरताना बघितल्या" असं फोनवर कसं सांगायचं?

सरांना फोटो दाखवले. ते म्हणाले, "आपला प्रश्न विषाणूचा आहे. मज्जापेशींचं नंतर बघू." मी म्हणाले, "ताप आलेल्या माणसाला मज्जापेशी नसतात का?" त्यांनी खुर्ची फिरवली. मग औषधाची माणसांवर चाचणी घेणाऱ्या डॉक्टर बैठकीला आल्या, तेव्हा कुणी न विचारता मी तो फोटो पडद्यावर लावला. सर हळूच म्हणाले, "तुझी बहीण आजारी आहे म्हणून तू बोलतेयस."

"हो," मी म्हणाले, "बहीण आजारी आहे म्हणूनच बघितलं. नसती तर आपण कुणीच बघितलं नसतं."

डॉक्टरीणबाईंनी मात्र फोटो पुन्हा लावायला सांगितला. चाचणी लांबणीवर पडलीय. आधी मज्जापेशींवर नीट तपासणी होईल, आणि तुझ्यासारखा आजार असलेल्या कुणालाही ते औषध देणार नाहीत. चांगलंच झालं. आणि मला विषाणूच्या कामातून काढलं. हाकललं नाही, बाजूला सारलं. सहकारी जेवताना माझ्या टेबलावर बसत नाहीत. त्यांचं काम लांबलं माझ्यामुळे, त्यांचंही चूक नाही. कुणाचंच चूक नाही, याचाच संताप येतो. ओरडायला तरी कुणीतरी हवं ना!

तुझ्या थोड्या पेशी अजून जिवंत आहेत. त्यांच्यावर काम करायची मुभा मिळालीय, कोपऱ्यातल्या खोलीत. त्यातून काही निघालंच तर ते तुझ्या वेळेत निघणार नाही. हे वाक्य मी चारदा खोडलं, आता खोडत नाही. तरीही पुढे करू का, ते तू सांगायचं. बोलायला जड जात असेल तर डोळे मिटून हो म्हण, भाऊजी कळवतील. नको असेल तर मी थांबवीन, आणि कारण विचारणार नाही.

शनिवारी येतेय. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मी बाजूला बसेन.

तुझ्यासाठी काहीही न सापडलेली,
तुझीच धाकटी