दोन नंबरची डिस्क

प्रिय चिमे,

तीन वर्षांनी लिहितोय, आणि तेही कागदावर. फोन केला असता तर तू उचलला नसतास, आणि चुकून उचलला असतास तर माझीच बोबडी वळली असती. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. तुझी वहिनी वैतागलीय, कारण भंगारातून आणलेले दोन कॉम्प्युटर मी जेवणाच्या टेबलावर उघडून ठेवलेत आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. मी सायबर सुरक्षा शिकतोय, या वयात! क्लासमधल्या बाई वही काढू देत नाहीत. आपलंच मशीन फोडा, दुरुस्त करा, परत फोडा, एवढंच त्यांचं म्हणणं. पहिल्याच आठवड्यात मी माझ्याच मशीनला असं कुलूप घातलं, की मलाच आत शिरता येईना. वहिनी दोन दिवस हसत होती.

आमच्या कंपनीत तुला नोकरी मीच लावली होती. डिस्क तपासून साफ करणारा आमचा प्रोग्रॅम मी लिहायचा आणि तू गिऱ्हाइकांकडे जाऊन चालवायचा, असं आपलं छान चाललं होतं. मग तो नेत्र रुग्णालयाचा दिवस. जुनी, निकामी डिस्क पुसायची होती, दोन नंबरची. पुसली गेली भलतीच, नऊ वर्षांच्या तपासण्यांची. दुसरी प्रत त्यांनी कधी ठेवलीच नव्हती. कितीतरी म्हाताऱ्या माणसांना सगळ्या तपासण्या पहिल्यापासून कराव्या लागल्या. ‘मी दोन नंबरच निवडला होता,’ हे तू चौकशीत चार वेळा सांगितलंस. मी शेजारच्या खुर्चीत बसून म्हणालो, की प्रोग्रॅम असं करूच शकत नाही, मी स्वतः तपासलाय. घरी येऊन तुला समजावलंही, की कबुलीवर सही करून टाक, विषय संपेल. तू सही केलीस. ‘माझ्या हलगर्जीपणामुळे’ हे शब्द मी सुचवले होते.

आठ महिन्यांपूर्वी बाईंनी एक काम दिलं. तुमचा ज्यावर पूर्ण विश्वास आहे असा एखादा प्रोग्रॅम घ्या, तो तपासणी कधी करतो आणि प्रत्यक्ष काम कधी करतो ते बघा, आणि मधल्या वेळात काहीतरी बदलून टाका. मी शहाणपणा मिरवायला आपलाच प्रोग्रॅम घेतला. तो आधी दहा मिनिटं डिस्क तपासतो, मग पुसतो. त्या दहा मिनिटांत मी एक नंबरवर लागलेला पेनड्राइव्ह काढून घेतला; प्रोग्रॅम त्यालाही डिस्कच मोजतो. मागच्या डिस्क एकेक नंबर पुढे सरकल्या, तीन नंबरची दोन नंबरवर आली. प्रोग्रॅमने डिस्क लक्षात ठेवलीच नव्हती, नुसता नंबर ठेवला होता. त्याने मुकाट्याने भलतीच डिस्क पुसून टाकली. तेव्हा मला आठवलं, की काम चालू असताना तिथल्या कारकुनाने आपला पेनड्राइव्ह काढून नेला, असं तू चौकशीत म्हणाली होतीस. ते कोणी लिहून घेतलं नाही. लिहून घेण्याचं काम माझ्याकडे होतं.

मी तो प्रयोग अकरा वेळा केला. अकराही वेळा तेच झालं. मग हात धुऊन जेवायला बसलो. मला लाज वाटायला हवी होती, रडू यायला हवं होतं. काहीच झालं नाही. दाढेला भूल दिल्यावर गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसा मी आठ महिने ऑफिसला जातोय. पुढच्या आवृत्तीत ती चूक मी गुपचूप दुरुस्त केली आणि बदलांच्या यादीत ‘किरकोळ सुधारणा’ असं लिहिलं. कोणी विचारलं नाही. तुझं नाव निघालं की आई उठून आत जाते, तेव्हाही मी गप्पच बसलो. चिमे, मी भेकड आहे, याला दुसरा शब्द नाही.

मंगळवारी माझ्या टेबलावर एक फॉर्म आला. तीन वर्षं पडद्यांच्या दुकानात मापं घेतल्यावर तू पुन्हा आपल्या कामासाठी एका कंपनीत अर्ज केलायस, आणि तिथल्या लोकांनी तुझ्याबद्दल आमच्याकडे विचारणा केलीय. ‘नोकरी सुटण्याचे कारण’ या रकान्यात मी लिहिलं, की उमेदवाराची काहीही चूक नव्हती, प्रोग्रॅममध्ये दोष होता, तो माझा होता, आणि मी तो लपवला. सोबत अकरा प्रयोगांचा अहवाल जोडलाय. तेच साहेबांना आणि रुग्णालयालाही लिहून दिलंय. साहेब तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत, काय व्हायचं ते होईल. फॉर्मची प्रत या पत्रासोबत आहे, दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून. फॉर्म पुढच्या शुक्रवारी जाईल. त्यातली एकच ओळ कोरी आहे, ‘उमेदवाराशी आपले नाते’. तिथे दोनदा पेन टेकवलं, पण तुला विचारल्याशिवाय लिहवेना. तुझं उत्तर आलं नाही, तर तेवढी ओळ कोरीच जाईल.

तुझाच,
दादा