एका गुन्ह्याला एकच मार

आबा, तुमचा लेक परत आला. परवा दुपारी मी परड्यात धुणं धूत होते, तर हा पिशवी घेऊन समोर उभा. "अक्का, आलो," म्हणाला. जसा काही कागलच्या एमआयडीसीतनं पाळी संपवून आलाय! धुणं बडवायचं लाकूड माझ्या हातातच होतं. पहिला तडाखा खांद्यावर बसला, दुसरा कानावर. रक्त आलं. तो हलला नाही, त्यानं हातसुद्धा आडवा घातला नाही, आणि त्यामुळे माझं डोकं आणखीच फिरलं. शेजारणीनं मागून कवळा घालून ओढलं म्हणून थांबले, नाहीतर मेलाच असता.

घरात तुमचा एक कायदा होता. एका गुन्ह्याला एकच मार, तोही तुमच्या हातचा. तुम्ही मारलंत, की नंतर आईनं डोळे वटारलेलेही तुम्हाला खपायचे नाहीत. लहानपणी त्यानं मला चुलीवर ढकललं, माझा दंड भाजला. तो पळाला, तर तुम्ही त्याला तुमच्या फाउंड्रीच्या मागे गाठून कमरेच्या पट्ट्यानं फोडून काढलंत. घरी येऊन म्हणालात, "झालं. मारलंय त्येला." मी चुलीतलं जळतं लाकूड उचलते, त्याच्या अंगावर धावते, आणि तुम्ही माझं मनगट असं पिरगाळता की बांगड्या फुटतात. "एकदा झाली न्हवं शिक्षा? आता त्येच्या अंगाला हात लावशील तर हात काढून ठेवीन." "पर मी बघितलीच न्हाय की!" मी किंचाळले. तुम्ही जेवायला बसलात. त्या दिवशी मला तुमचा इतका संताप आला होता, आबा, की मी उपाशीच झोपले.

तुम्ही गेलात, मग माझं लग्न झालं, कोडोलीत दिलं. नवराही फाउंड्रीतलाच. दोघं मेहुणे मिळून आखातात एकाच कारखान्यात गेले. हा दारू पिऊन कामावर येतो म्हणून ह्यांनी मुकादमाला सांगितलं, एवढंच निमित्त. तुमच्या लेकानं खोलीवर लोखंडी सळईनं ह्यांचं डोकं फोडलं. खाली पडल्यावरही मारत राहिला. पेटी आली तेव्हा सगळे म्हणाले, उघडू नकोस. मी उघडली. कपाळ होतं कुठं, आबा? कुंकवाचं बोट मी टेकवायचं कुठं?

तिथल्या कोर्टानं त्याला शिक्षा दिली, त्यानं ती तिथल्या तुरुंगात पुरी भोगली, आणि त्यांनी त्याला विमानात बसवून दिलं. मला कुणी बोलावलं नाही, काही विचारलं नाही. सगळं फोनवरून कळलं. पुन्हा तेच की! झालं, मारलंय त्येला.

त्याला मारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंना घेऊन कोल्हापुरात वकिलीणबाईंकडे गेले. बाई म्हणाल्या, "आपला माणूस परदेशात गुन्हा करून आला, तरी खटला हितं चालतोय. दिल्लीची परवानगी लागती. पण घटनेत लिवलंय, एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा न्हाय. आता तिकडच्या कोर्टाची शिक्षा आपण हितं धरायची का न्हाय, ह्याच्यावरच सगळं भांडण हाय. त्याचा वकील पहिल्या तारखेलाच ते म्होरं करणार."

सासूबाई तडकल्या. "माज्या लेकाच्या डोक्यात सळया घालताना त्येनं मोजल्या व्हत्या व्हय? मग तुमीच कशाला मोजताय?"

"मावशी, न्हाई मोजलं तर ज्याच्या हातात काठी, तो मारतच सुटंल की," बाई म्हणाल्या. मी पदराखाली हात लपवला. तळव्याला आदल्या दिवशीचे फोड होते. तुमचं आणि घटनेचं असं जमत असेल, हे मला कधी वाटलं नव्हतं.

काल कोल्हापूरहून परतले, तर संध्याकाळी तो पुन्हा आला. कानाला पट्टी. पडलो, असं त्यानं दवाखान्यात सांगितलं होतं. पायरीवर बसला आणि म्हणाला, "आजून मार. तितं तुरुंगात बी लई खाल्ला. पर मारनाऱ्याला तुजं नाव बी ठावं न्हवतं, अक्का."

मी लाकूड उचललं, पण हात वर जाईना. शिव्या मात्र पोटभर दिल्या. त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, त्यात तुम्ही आलात आणि मीही आले.

उद्या दिल्लीच्या परवानगीच्या अर्जावर सही करायची आहे. करणार. तुम्ही असता तर मनगट धरलं असतंत, तरी केली असती. त्याला फासावर बघायची हौस नाही मला. मी कोर्टात बाकावर बसलेली असताना कुणीतरी माझ्या भाषेत मोठ्यानं वाचावं, ह्या माणसानं त्या माणसाला असं असं मारलं. आणि त्यानं माझ्याकडे बघून म्हणावं, व्हय. मग न्यायाधीश म्हणाले, तिकडची शिक्षा पुरे, जा, तर माझं काही म्हणणं नाही.

हे लिहिलेलं धाडायचं तरी कुठं? राहू दे इथंच, पिठाच्या डब्याखाली. एकच गोष्ट अजून कुणाला बोललेली नाही, सासूबाईंना तर नाहीच नाही. तो सुटला तर कोर्टाच्या दारातून त्याला घरी जेवायला मीच आणणार आहे.