काकांच्या गाडीचं झाकण

बाबा, तुमचा रणगाडा माझ्याकडे आहे. नातू विचारतो, हा कुणी केला, आणि मी सांगते, माझ्या शिंपी बाबांनी. त्याला ती थट्टा वाटते. वाटू दे. मी मात्र इतक्या वर्षांनी फडक्यानं पुसतानाही त्याच्याकडे बघून थक्क होते, आणि हे तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नाही म्हणून आज लिहायला बसले आहे.

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. मैत्रिणीच्या भावानं परदेशातून प्लास्टिकचे सुटे भाग जोडून करायचा छोटा रणगाडा आणला, दोन दिवसांत त्याला त्याचा कंटाळा आला आणि तो खोका आपल्या इतवारीच्या घरी पोहोचला. खोक्यावर लिहिलं होतं, शर्मन. काका पासष्टच्या लढाईत शर्मनच चालवायचे आणि त्यातच जळून गेले. काकूनं पोळी लाटता लाटता ते चित्र पाहिलं. तुम्ही तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ, त्यामुळे लग्न होऊन आल्यापासून ती तुमच्याशी एक शब्द थेट बोलली नव्हती. तुम्ही समोर मशीनवर बसलेले असलात तरी तिचं बोलणं माझ्यातर्फे जायचं. "विचार वं तुझ्या बाबाले, तुझे काका ह्यातच बसत होते काय?"

तिला काय खुपत होतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गाडीतले बाकीचे बाहेर पडले, चालवणारा तेवढा राहिला, एवढंच पलटणीकडून कळलं होतं. काका मुळात सावकाश माणूस, जेवणावरून सगळ्यांत शेवटी उठणारे. तिच्या माहेरी, पारशिवनीला, कोणीतरी बोलून गेलं, "बसूनच राहिला असन." ते तिच्या जिवाला लागलं होतं. आपल्यासाठी हा माणूस उठलासुद्धा नाही, असं तिला वाटायचं.

तुम्ही आधी "हो, हेच ते" म्हणालात आणि जोडायला बसलात. मग काकूच्या ट्रंकेतला फोटो मागवलात. त्यात काका रणगाड्याला टेकून उभे आहेत. तुम्ही चष्मा पुसून बराच वेळ बघितलंत. "चाकायमधली फट मोठी हाये. हे गाडी ते नाही." माझ्या लेखी शर्मन म्हणजे शर्मन, पण तुमच्या लेखी सदरा म्हणजे नुसता सदरा कधीच नव्हता. मग तुम्ही जे केलंत ते मला आजही अचाट वाटतं. काकांची शेवटची पँट तुम्हीच शिवली होती आणि तिची उंची तुम्हाला तोंडपाठ होती. फोटोतल्या पँटवर टेप धरलात, त्यावरून चाकांमधली फट काढलीत, खोक्यावर १/३५ लिहिलं होतं म्हणून तिचा पस्तिसावा हिस्सा केलात आणि सांगितलंत की गाडी आठ मिलिमीटरनं वाढवली पाहिजे. भावाच्या अंगाच्या मापावरून रणगाडा मोजणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. मधे घालायचा तुकडा पहिल्यांदा कापलात तेव्हा हाताच्या सवयीनं शिलाईत दाबायला अर्धं बोट जास्त सोडलंत आणि गाडी आगगाडीच्या डब्यासारखी झाली. आई पोट धरून हसली, तुम्ही दिवसभर फुगून बसलात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कापायला घेतलंत.

नेमकं काय काय वेगळं हे विचारायला आपण बसनं कामठीला गेलो. छावणीजवळ राहणाऱ्या एका फौजी पेन्शनरनं हीच गाडी चालवली होती. फोटो हातात घेताच म्हणाले, "हे जुनी, लांबवाली. हिचं डायवरच्या डोक्यावरचं झाकण लहान. नवीचं मोठं, तुमच्या खोक्यातल्यासारखं. अन् तोफ जराशी डावीकडं येऊन थांबली ना दादा, तं ते झाकण उघडतच नाही. खालून कितीही ढकला."

घरी आल्यावर मी म्हटलं, "बाबा, झाकण मोठंच राहू द्या ना. तिले काय समजते?" तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत. "दुसऱ्याच्या मापाचा सदरा त्याले घालू काय?" कॉलरमध्ये घालायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या कापून तुम्ही मोठं भोक बुजवलंत, लहान पाडलंत आणि टाचणीच्या तुकड्याची बिजागरी करून झाकण उघडतं मिटतं केलंत. त्या जाड्या बोटांनी.

काकूनं हात पुसून गाडी मांडीवर घेतली. तोफेबद्दल तिला तुम्ही काही सांगितलं नव्हतं, मीही नाही. तिनं नखानं झाकण उघडलं, मिटलं. मग कुणी पोराच्या गालावरून फिरवावं तसं बोट फिरवत तोफेसकट वरचा घुमट हळूच डावीकडे नेला. तोफ झाकणावर आली. तिनं पुन्हा नख लावलं. झाकण हललं नाही. ती लावतच राहिली. मला वाटलं, आता ही कोसळते.

तिनं मान वर केली आणि सरळ तुमच्याकडे बघून बोलली. "दादा, ते बसून नव्हते राहिले. बाहेर निघून राहिले होते."

तुम्ही गळ्यातल्या टेपसकट मशीनवरून उठून उभे राहिलात. "हो, माय," एवढंच म्हणालात. त्यानंतर ती तुमच्याशी बोलतच राहिली, भाजीत मीठ कमी आहे का, हेसुद्धा तुम्हालाच विचारायला लागली.

काका गेले त्या दिवशी तोफ कुठे वळली होती, हे कामठीच्या माणसाला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. तुम्हाला एक टाका सैल राहिलेला खपत नसे, झाकण सोडून गाडीचं सगळं घट्ट चिकटवलंत, मग घुमट तेवढा मोकळा का ठेवलात, हे विचारायचं माझ्या मनात कितीदा आलं. खरं सांगते, उत्तर येणार नाही म्हणूनच आज विचारते आहे. तुम्ही असता तर विचारलं नसतं.