चार माणसांना वळायला जागा

दादा,

मला तातडीने ड्यूटीवर बोलावलंय, तू उठेपर्यंत थांबता येत नाही. बाबा तुझ्या शेजारीच झोपलेत, तुला उठवलं तर तेही उठतील. ते उठले की आधी हॉल पहिल्यासारखा लावायचा. सोफा भिंतीपासून ओढून मध्ये, टीपॉय त्याच्यासमोर. नडगीला लागला तर लागू दे.

काल आल्या आल्या तू म्हणालास, "वा बाबा, हॉल कसला मोकळा केलात!" मीही मान डोलावली. दोघंही बावळट आपण. खुर्च्या भिंतीला, गालिचा गुंडाळलेला, दाराच्या वाटेतली आरामखुर्ची थेट गॅलरीत. एवढं कशासाठी, विचारलं तर म्हणाले, "चार माणसं आली तर वळायला जागा नको?" मला वाटलं, पाहुणे यायचेत. आई गेल्यापासून घरात कुणी फिरकलं नव्हतं, म्हणून बरंच वाटलं. खायला काय करू, असंही विचारलं मी शहाणीने. नुसते हसले.

आत्ता चपला घालताना दारातून हॉल बघितला आणि चपला काढून हे लिहायला बसले. असा हॉल आपण एकदाच लावला होता, आठव. आईला हॉस्पिटलातून शेवटचं घरी आणलं तेव्हा.

त्यांच्या झोपेच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये आहेत. चिडले तर माझ्यावर ढकल. मी येईपर्यंत कुठेही जाऊ नकोस. ते अंघोळीला गेले की दाराबाहेर उभा राहून काहीबाही बोलत राहा.

आणि सोफा एकट्याने ओढू नकोस. दुसरं टोक त्यांच्याच हातात दे. सोफ्याला दोन माणसं पुरतात. चार नकोत.