खूण मागायची नाही

२७ एप्रिल, रविवार. बाभुळगाव.
ईस्टरनंतरचा पहिला रविवार. चर्चमध्ये पाळकसाहेब येशूच्या त्या शिष्याबद्दल बोलले, ज्याला खिळ्यांच्या भोकांत बोट घातल्याशिवाय प्रभू मेलेल्यांतून उठला हे पटत नव्हतं. शी! जखमेत बोट! असल्या माणसाला पंगतीत शेजारी बसवू नये. निश्चय केला: देवाकडे खूण मागायची नाही. मुकाट विश्वास.
शनिवारी यवतमाळला मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं शिबिर. माझं आणि बायकोचं, बसंतीचं, दोघांचं नाव दिलंय. मी बिलकुल घाबरलेलो नाही.

२८ एप्रिल.
शेजारचा उकंडा बँकेत गेला नाही. डावा डोळा फडफडला म्हणे. या लोकांची किळस येते. माझाही फडफडतोय, पण तो आजार आहे.

२९ एप्रिल, संध्याकाळ.
डॉक्टरला ऐन वेळी शिंक आली तर? सुई डोळ्यातच असणार. दिवसभर जेवण गेलं नाही.
खूण मागायची नाही, हे पक्कं. पण विचारपूस करायला हरकत नाही. बायबलात एका भक्ताने रात्री अंगणात लोकर ठेवली होती. लोकर दवाने ओली, जमीन कोरडी, म्हणजे देवाचा होकार. आपल्याकडे लोकर कुठली? माझी उशी उसवून कापूस काढला आणि अंगणात ठेवला.

३० एप्रिल, सकाळी सहा.
कापूस ओलाचिंब! एवढ्या उन्हाळ्यात! गुडघे टेकले तर गुडघेही ओले झाले. बसंतीने सडा टाकला होता. तिला कापूस दिसलाच नाही. वर मलाच विचारते, अंगणात काहून झोपून राह्यले जी?
आजचं रद्द. उद्या उलट करायचं: कापूस कोरडा राहिला तर होकार. या दिवसांत तो कोरडाच राहणार, पण देवालाही सोपं जावं. बसंतीला सडा बंद करायला सांगितलं.

१ मे.
कापूसच नाही. उकंड्याच्या बकरीने खाल्ला. तिच्या दाढीला लाळेत भिजलेला धागा लोंबत होता, शी! याचा अर्थ काय असेल, असं उकंड्याला विचारलं. तो म्हणाला, मामा, तिले भूक लागली असन. अडाणी माणूस.
उशीवाचून मान आखडली आहे.

२ मे.
पाळकसाहेबांना फोन केला. सहज विचारल्यासारखं विचारलं, देव नको म्हणत असेल तर कळतं कसं? ते म्हणाले, बाबा, भीती वाटते का? फोन ठेवून दिला. हल्लीचे पाळक उर्मट झालेत.
ठरवलं: उद्या शिबिराची गाडी आपल्या दारात थांबली तर जायचं. ही खूण नव्हे, सोय आहे.

३ मे, शनिवार.
गाडी दारात थांबली. पण तिचं तोंड उकंड्याच्या घराकडे होतं.
बसंती चढून बसली. म्हणाली, चला ना जी. मी म्हटलं, अजून पक्कं कळलं नाही. सगळ्या गाडीदेखत म्हणाली, आता काय देव येऊन तुमचा हात धरन? मले बी भेव वाटते. पण जातो मी.
दार लागलं. गाडी गेली. उकंडा विचारत होता, मामा, तुम्ही राह्यले काहून? मी घरात आलो. पाणीही गोड लागेना.

५ मे.
बसंती परत आली. पट्टी काढलेली, काळा चष्मा. दारातच थांबून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, किती वाळले जी तुम्ही. मले सांगतलंबी नाही.
स्वतःचीच शिसारी आली.
पुढचं शिबिर दिवाळीनंतर. तिने मला न विचारता माझं नाव देऊन टाकलंय.
चहा घेऊन आली तेव्हा विचारलं, कोणत्या रंगाचं लुगडं नेसली आहेस? हिरवं, म्हणाली. मी नीट जवळ जाऊन पाहिलं. मला करडं दिसलं.
तिच्या शब्दावर हिरवं लिहितो.