सगळ्या ड्रायव्हरांचा एकच कॅन

राजमान्य राजश्री धुळाजी दाजी यांस, नेकनूरहून तुमचा मेहुणा सुग्रीव याचा दंडवत. इकडे पाणी सोडून सर्व क्षेम. तुमची तब्येत कशी आहे? लघवी साफ होते ना? एखादी गोळी, काढा, निदान सर्दीचं औषध तरी चालू नाही ना? (आक्काला विचारून खात्री करा, तुमच्या एकट्याच्या शब्दावर मी जात नाही.) असा निर्व्यसनी जावई आमच्या घराला मिळाला, हे मी हल्ली चारचौघांत मुद्दाम सांगत असतो.

आता आमच्या दूध संघाची अक्कल ऐका. दुष्काळात म्हशी आटल्या, तेव्हा आम्हा ड्रायव्हरांनी तेवढ्याच दुधासाठी तिप्पट गावं फिरायची, दूध पोचवून येताना छावणीचा चारा भरायचा, आणि चारा उतरवतो न उतरवतो तोच पुन्हा दुधाची वेळ. झोपायचं कधी, असं विचारलं तर अध्यक्ष विठ्ठलराव म्हणतात, "सहकारात झोप न्हाई." स्वतः मात्र रात्रभर बैठका घेऊनही सकाळी टवटवीत, बोलायला लागले की थांबत नाहीत. (योगासनं करतात म्हणे.)

काही ड्रायव्हर जागं राहायच्या गोळ्या खातात. आमच्या सटवाने तर गेवराईच्या अलीकडे गाडी थेट रानात घातली आणि समोरच्या बाभळीला "बाजूला हो बे" म्हणून शिव्या देत बसला. मग विमा कंपनीने फर्मान काढलं की सगळ्या ड्रायव्हरांची लघवी तपासा, जो सापडेल त्याची गाडी काढून घ्या. अशा लोकांची मला किळस येते. मी डोळा लागायला लागला की हिरवी मिरची चावतो. गोळी लागते ती कच्च्या दमाच्या माणसाला.

तपासणीला मांडव घातला, नारळ फोडला. आदर्श म्हणून पहिला नमुना अध्यक्षांनी स्वतः दिला. (टाळ्या पडल्या. कशाला, ते टाळ्या वाजवणाऱ्यांनाच ठाऊक.) पोटात पाणीच नाही, त्यामुळे बाकीच्यांनी कुंथून कुंथून जे काय चार थेंब निघाले ते दिले. नमुने घ्यायला नेमला होता आसाराम, संघात दुधाची फॅट तपासतो तो. त्या शहाण्याने हयातभराच्या सवयीने प्रत्येकाची बाटली हुंगली, सगळ्या एका कॅनमध्ये ओतल्या, नीट ढवळलं आणि वरची एक बाटली भरून शहराला पाठवली. निकाल आला, नमुन्यात दोष आहे. पण कुणाच्या? आम्ही आसारामला धरलं तर तो उलट आमच्यावरच तापला. "दूध असंच पाठवितो की! एकानं पानी घातलं तरी समद्यांचा भाव पडतो. तवा कावून बोंबलला न्हाईत?"

आता सोमवारी पुन्हा तपासणी आहे, बाटली वेगळी आणि वर नाव. विठ्ठलरावांनी टेबल बडवून विरोध केला, "नमुना येगळा म्हंजी सहकार मोडला!" ड्रायव्हरांची एवढी कळकळ त्यांना जन्मात आली नव्हती. मी मात्र भर सभेत उठून म्हणालो, होऊन जाऊ द्या, चोर असेल तो सापडेल. सर्वांना नमस्कार सांगा.

तुमचा,
सुग्रीव

ता. क. दाजी, मिरचीने भागत नाही. मागे स्टेअरिंगवर डोळा लागला आणि जाग आली तेव्हा गाडीसमोर शाळेची पोरं उभी होती. मला फार भीती वाटली हो. तेव्हापासून सटवाच्या डबीतली गोळी घेतो. गाडी गेली तर आमच्या घरात दुसरं काही नाही, विहिरीचा तळ तुम्ही पाहिलाच आहे. तेव्हा सोमवारी पहिल्या एस.टी.ने वडवणीहून निघा, भरपूर पाणी पिऊन या, आणि कितीही घाई झाली तरी मध्ये उतरू नका.

पुन्हा ता. क. तुम्ही येणार हे सटवाजवळ बोललो होतो, त्याने बातमी फोडली. पत्र टाकायला निघालो तर विठ्ठलरावांनी वाटेत गाठलं, आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाले, "तुजे दाजी येनार म्हनं. यष्टीनं कशाला, जीप धाडतो. फकस्त पयली बाटली माजी." मागून बाकीचे ड्रायव्हरही नंबर लावायला आले. एका माणसाला एवढं जमायचं कसं, ही अडचण मी मांडली, तर अध्यक्षांनी जागेवरच मार्ग काढला. गावाला दोन महिने मागून न मिळालेला पाण्याचा टँकर सोमवारी तुमच्या एकट्यासाठी आमच्या दारात उभा राहणार आहे. आक्कालाही आणा, धुणं काढून घेईल.