परिवार म्हणणारं पान

४ फेब्रुवारी
रसमड्याच्या फॅक्टरीतून घरी आले, चहा घेतला, परत तीच वेबसाइट. पुण्याची कंपनी. नोकरी मजकूर लिहायची. मुलाखतीआधी गृहपाठ दिलाय: आमचीच वेबसाइट वाचा, ती माणसाला कशी पटवते ते एका पानात लिहा. रविवारपर्यंत. फॅक्टरीच्या ऑफिसात दिवसभर चलान टाइप करणारीला असला गृहपाठ म्हणजे लाडच! पहिल्या फोटोत मोठी खिडकी, तिच्यापाशी एक खुर्ची. बघता बघता जाऊन बसले. आईने दोनदा हाक मारली म्हणे.

५ फेब्रुवारी
टिपणं. खुर्ची रिकामी ठेवलीय ती मुद्दाम. भरलेली असती तर मी कुठे बसले असते?
सगळे हसतायत. घड्याळ एकाही भिंतीवर नाही. माणसांची नुसती पहिली नावं, जशी काही जुनी ओळख. पगार कुठेच नाही, ‘स्वप्न’ मात्र जागोजागी. आणि सगळ्यात मोठ्या अक्षरांत: आम्ही कंपनी नाही, परिवार आहोत.
लबाड मेले. सगळं कळतं, तरी गुदगुल्या होतात. आज दोन चलानं चुकली.

६ फेब्रुवारी
बाबांना दाखवलं. पोलादाच्या प्लांटमधल्या मिलमधून पहिली पाळी करून आलेले, पाय बादलीत. इंग्रजी वाचून अर्थ सांगितला. ‘परिवार’ ऐकून म्हणाले, “मंग क्वार्टर कोन्त्या सेक्टरमंधी देतीन?”
मी हसले. “तसं नसते बाबा, बस लिखते हैं.”
“कावून लिवतीन? उगीच?”
ते हसले नाहीत. बाबांची कंपनी म्हणजे क्वार्टर, शाळा, दवाखाना. मी जन्मले प्लांटच्या दवाखान्यात, शिकले प्लांटच्या शाळेत. जूनमध्ये बाबा रिटायर, मग सेक्टर २ चं हे क्वार्टर सोडायचं. पद्मनाभपुरात भाड्याचं घर बोलून ठेवलंय, आईला फार आवडलंय.
बाबांना नीट समजावायला हवं होतं. पण मी परत त्या खिडकीत...

८ फेब्रुवारी, रविवार
बाजारात पद्मनाभपुरची घरमालकीण भेटली. “भैया तो मना कर दिए. हम दूसरे को दे दिए.” आईच्या हातातली पिशवी तशीच राहिली.
घरी आल्यावर आई बाबांना: “कावून नाई म्हटलं जी? मले इचारलं का?”
बाबा शांत. “पोरीचे कंपनीवाले परिवार मनतेत. मायबापाले बाहेर ठेवून परिवार रायते का? आपन सारेच पुन्याले चाललो. मिलमंधी सांगतलं मी सगळ्यायले.”
मला बाबांचा राग आला. स्वतःचा जास्त.
संध्याकाळी गृहपाठ पाठवला. सगळं लिहिलं. खुर्ची, घड्याळ, आणि शेवटी हेही, की तुमच्या एका शब्दावर माझ्या बापाने ठरलेलं घर सोडलं.

१२ फेब्रुवारी
मुलाखत, जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसातूनच व्हिडिओवर. बाईंचा आवाज मधाळ. गृहपाठ फार आवडला, वडिलांचा भाग तर सगळ्यांना वाचून दाखवला म्हणे. “तो शब्द किती काम करतो बघ!” घराबद्दल विचारलं तर हसल्या, त्या दिवशी बाबांपुढे मी हसले तशाच. राहण्याची सोय आपली आपण. नोकरी पक्की. पहिलं काम तेच पान, आणखी आपुलकीचं करायचं.
मी ‘थँक्यू’ म्हणाले. दोनदा. वर आनंदही झाला, काय सांगू! सायकलीवरून येताना रस्ता, झाडं, सगळं पाण्याखालून दिसावं तसं.
घरी म्हटलं, नोकरी लागली. बाकी जेवण झाल्यावर सांगू म्हटलं. बाबांनी जेवताना दोनदा वरण मागून घेतलं. नाही सांगितलं.

१५ फेब्रुवारी, रविवार
उद्यापर्यंत होकार कळवायचाय. पत्र उघडंच आहे. होय लिहिलं, पुसलं. परत लिहिलं.
बाबा सकाळपासून टेप घेऊन कपाट मोजतायत. आई आधी रुसलेली, आता तीही टेपचं दुसरं टोक धरून उभी.
“तिथच्या क्वार्टरले आंगन रायते का वं?” बाबांनी विचारलं.
सांगायचंच होतं. खरंच, तोंड उघडलं होतं. पण ते अंगण मला दिसलं. कोवळं ऊन, बाजेवर बाबा पेपर वाचतायत, आई दोरीवर लुगडं टाकतेय.
“रायते ना बाबा,” मी म्हणाले. “मोठं रायते.”
आईने विचारलं, कपड्यांची तार बांधायला खांब असतील ना. तेही असतात, मी म्हणाले.
बाबांनी टेपवरचा आकडा कागदावर लिहून घेतला.